रिमिनीची वाळू कोणाची? छत्र्यांचे शहर, रोमन पूल आणि पियादिना

९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी इटलीच्या अनेक समुद्रकिनाऱ्यांवर एक आगळा संप झाला. पर्यटकांची गर्दी ऐन भरात असताना किनाऱ्यावरील व्यावसायिकांनी आपल्या छत्र्या दोन तास मिटलेल्याच ठेवल्या. सर्व संघटना त्यात सहभागी नव्हत्या आणि दोन तासांनी छत्र्या पुन्हा उघडल्याही. परंतु ऑगस्ट महिना म्हणजे इटालियन माणसाचा सुट्टीचा महिना, आणि त्या महिन्यात मिटलेली छत्री ही तेथे राजकीय घटना ठरते. हा वाद समजून घ्यायचा तर एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रिमिनी या शहरासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण वाळूवर रांगेने छत्र्या उभारून सुट्टी विकण्याचा उद्योग या शहराने जितका मोठा केला, तितका क्वचितच कोणी केला असेल.

रिमिनीचा किनारा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा बहुतेक भाग क्रमांक दिलेल्या पट्ट्यांत विभागलेला असून प्रत्येक पट्ट्याला ‘बान्यो’ म्हणतात. बान्यो म्हणजे छत्र्या, पडण्याच्या खुर्च्या, कपडे बदलण्याच्या खोल्या, गोड्या पाण्याचे फवारे आणि या सर्वांवर देखरेख करणारा ‘बान्यिनो’. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच क्रमांकाच्या बान्योत, शक्यतो त्याच रांगेत, त्याच छत्रीखाली सुट्टी घालवतात. समुद्राला लागून असलेली पहिली रांग महाग, मागची स्वस्त. पैसे न देता वाळूवर बसायचे असेल तर मोफत किनाऱ्याचे मोजके तुकडे शोधावे लागतात. त्यांपैकी एक बंदराच्या तोंडाजवळ आहे.

या उद्योगाचा आरंभ ३० जुलै १८४३ रोजी झाला. आलेस्सांद्रो आणि रुज्जेरो बाल्दिनी या सरदार घराण्यातील बंधूंनी क्लाउदिओ तिंतोरी या डॉक्टरांच्या साहाय्याने येथे पहिले स्नानगृह सुरू केले. त्या काळी समुद्रस्नान हा मौजेचा नव्हे, तर औषधोपचाराचा भाग मानला जाई. १८६१ मध्ये रेल्वे आली आणि उत्तरेकडील शहरे जवळ आली. १९०८ मध्ये ग्रँड हॉटेल उभे राहिले आणि रिमिनी धनिकांचे विश्रामस्थान बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पूर्णपणे पालटले. मच्छीमार आणि लहान शेतकरी यांच्या कुटुंबांनी घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या, मग त्यांवर मजले चढवले आणि त्यांचीच लहान लहान हॉटेले झाली. आई स्वयंपाकघरात, वडील बाजारात, मुले जेवण वाढायला, अशी ती व्यवस्था होती. मिलान-तुरिनचा कारखाना कामगार आणि जर्मनीतील मध्यमवर्गीय माणूस यांना परवडणारी सुट्टी रिमिनीने दिली, हीच तिची खरी कामगिरी. त्या काळातील काँक्रिटची घाई आजही किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर दिसते आणि ती सुंदर आहे असे कोणी म्हणणार नाही.

आता मालकीचा प्रश्न. इटालियन कायद्यानुसार समुद्रकिनारा ही राज्याची संपत्ती आहे. ती विकता येत नाही, केवळ वापरण्याचा परवाना देता येतो. हे परवाने अनेक दशके आपोआप पुढे चालू राहिले आणि बापाकडून मुलाकडे जावेत तसे वारशाने गेले. त्यासाठी सरकारला मिळणारे शुल्क फारच थोडे असल्याची टीका सतत होत आली. २०२० मध्ये काढलेल्या एका वटहुकमाने वर्षाचे किमान शुल्क २,५०० युरो केले, यावरून त्याआधीची स्थिती लक्षात यावी. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशानुसार मर्यादित नैसर्गिक साधनसंपत्तीचे परवाने खुल्या स्पर्धेनेच दिले गेले पाहिजेत. इटलीने २०१८ मध्ये त्याच्या नेमके उलट केले आणि जुने परवाने २०३३ पर्यंत वाढवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही मुदतवाढ २०२३ अखेरच्या पुढे टिकणार नाही, असा निर्णय दिला. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानेही आपोआप नूतनीकरणाच्या विरोधात कौल दिला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने तडजोड केली. परवाने जास्तीत जास्त सप्टेंबर २०२७ पर्यंत चालतील आणि नव्या निविदा त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत काढाव्या लागतील.

बान्योवाल्यांची बाजू अशी, की आजोबांनी ओसाड वाळूवर गुंतवणूक केली, नातवाने कर्ज काढून ती वाढवली आणि आता एखादी बडी कंपनी येऊन निविदेत सर्व घेऊन जाईल. विरोधी बाजू म्हणते, की सार्वजनिक जमिनीवर खासगी घराणी पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत आणि सामान्य नागरिकाला स्वतःच्याच किनाऱ्यावर बसण्यासाठी पैसे मोजावे लागतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणूनच प्रश्न इतकी वर्षे भिजत पडला. पर्यटकाने एवढे लक्षात ठेवावे, की पाण्यापर्यंत जाण्याची वाट कोणताही बान्यो अडवू शकत नाही. लाटांच्या काठाने चालणे आणि पोहणे हा सर्वांचा हक्क आहे.

वाळूची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण ही वाळू स्थिर नाही. रिमिनीजवळ लाटा आणि प्रवाह वाळूला दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलतात. बंदराचे धक्के समुद्रात शिरल्यामुळे ही वाळू त्यांच्या दक्षिणेला अडून साचते. म्हणून शहरासमोरचा किनारा अतिशय रुंद आहे आणि वाळवंट ओलांडावे तशी पायपीट करून पाण्यापर्यंत जावे लागते. बंदराच्या उत्तरेकडे मात्र वाळूचा पुरवठा तुटला. विसेर्बा आणि तोर्रे पेद्रेरा या भागांत किनारा खचू लागला आणि पाण्यात समांतर दगडी बांध घालावे लागले. शिवाय विसाव्या शतकात नद्यांच्या पात्रांतून बांधकामासाठी रेती-खडी बेसुमार उपसली गेल्याने समुद्राला मिळणारी नवी वाळूही घटली. ज्या वाळूच्या परवान्यांसाठी न्यायालये झिजवली जात आहेत, ती वाळू स्वतःच नदीच्या कृपेवर आहे, हे भांडणाऱ्यांच्या फारसे ध्यानात येत नाही.

पाणी उथळ आहे. लहान मुलांना सोयीचे, पोहण्याची हौस असणाऱ्याला काहीसे निराश करणारे. १९८९ च्या उन्हाळ्यात एड्रियाटिकमध्ये शेवाळजन्य चिकट थर पसरला, पर्यटक पळाले आणि शहराला मोठा हादरा बसला. पुढेही अनेक वर्षे जोराचा पाऊस झाला की सांडपाण्याचे दरवाजे समुद्राकडे उघडत आणि पोहण्यावर बंदी येई. २०१३ पासून शहराने मलनिःसारणाची मोठी योजना हाती घेतली. केनेडी चौकाखाली पावसाचे व सांडपाणी साठवणाऱ्या प्रचंड टाक्या बांधल्या आणि त्यांच्या डोक्यावर समुद्र पाहण्यासाठी सज्जा केला. २०२० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. त्या सज्जावर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय आहे याची कल्पना नसते, हे बरेच आहे.

बहुतेक पर्यटक रेल्वेमार्गाच्या समुद्राकडील बाजूसच राहतात. दुसऱ्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, दोन हजार वर्षांहून जुने शहर आहे. इ. स. पूर्व २६८ मध्ये रोमनांनी येथे ‘अरिमिनुम’ ही वसाहत स्थापन केली. रोमहून येणारा फ्लामिनिया मार्ग येथे संपे आणि उत्तरेकडे जाणारा एमिलिया मार्ग येथून निघे. पहिल्या मार्गाच्या शेवटी सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ इ. स. पूर्व २७ मध्ये उभारलेली कमान आहे. तिचे दार इतके रुंद ठेवले गेले, की त्याला फाटक बसवून ते बंद करणे शक्यच नव्हते. आता युद्ध संपले, नगराला वेस बंद करण्याची गरज उरली नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढच्या पिढ्यांचा त्यावर विश्वास बसला नसावा, कारण कमानीच्या माथ्यावरील दातेरी तटबंदी मध्ययुगातील आहे.

दुसऱ्या मार्गाच्या आरंभी तिबेरियसचा पूल आहे. ऑगस्टसच्या कारकिर्दीत, इ. स. १४ मध्ये, काम सुरू झाले आणि तिबेरियसच्या काळात, इ. स. २१ मध्ये, पूर्ण झाले. इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाच्या पाच कमानी, आणि त्यांचे खांब पुलाला काटकोनात न ठेवता नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तिरपे बसवलेले. पाण्याचा मारा त्यामुळे कमी होतो. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इतर पूल उडवले, हा मात्र उभा राहिला. मे २०२० पर्यंत त्यावरून मोटारी धावत होत्या. आता तो पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. पुलापलीकडची सान जुलियानो ही जुनी कोळी वस्ती असून तिच्या रंगीत भिंतींवर चित्रपट दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांच्या चित्रपटांतील पात्रे रंगवलेली आहेत.

फेलिनी २० जानेवारी १९२० रोजी रिमिनीत जन्मले. त्यांचा ‘अमारकोर्द’ (१९७३) हा चित्रपट याच शहराच्या आठवणींवर आधारलेला आहे. मात्र त्यातील शहर रिमिनी नव्हे. ते रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेले होते. रिमिनीने याचा राग धरला नाही. २०२१ मध्ये मालातेस्ता घराण्याच्या जुन्या किल्ल्यात आणि फुल्गोर चित्रपटगृहाच्या इमारतीत फेलिनी संग्रहालय सुरू झाले. बालपणी त्यांनी याच फुल्गोरमध्ये चित्रपट पाहिले होते.

वेळ थोडा असेल तर दोन ठिकाणे चुकवू नयेत. पहिले मालातेस्ता मंदिर. पंधराव्या शतकात सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराने फ्रान्सिस्कन चर्चचे रूपांतर स्वतःच्या घराण्याच्या स्मारकात करण्यासाठी लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुविशारदाला बोलावले. आत जोत्तोचा क्रूस आहे, पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे १४५१ चे भित्तिचित्र आहे. पोप दुसरे पायस या सिजिस्मोंदोवर इतके संतापले, की जिवंतपणीच त्याला नरकवासी घोषित केले. वास्तूचा वरचा भाग अपूर्णच राहिला. दुसरे ठिकाण म्हणजे शल्यचिकित्सकाचे घर. १९८९ मध्ये एका चौकातील खोदकामात सापडलेले हे रोमन घर तिसऱ्या शतकाच्या मध्यास आगीत कोसळले आणि त्या ढिगाऱ्याने आतील सर्व काही जपून ठेवले. दीडशेहून अधिक शस्त्रक्रियेची उपकरणे तेथे मिळाली. त्यांत शरीरात रुतलेला बाण काढण्याचे साधनही आहे. भिंतीवर कोरलेल्या अक्षरांवरून या वैद्याचे नाव युटिकेस असावे असे मानतात.

पोटपूजेला येथे पहिला मान पियादिनाचा. गव्हाचे पीठ, मीठ, पाणी, चरबी किंवा ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर सोडा यांची ही गोल पोळी तव्यावर भाजतात. मराठी माणसाला ती पाहताच घरची आठवण येईल. २०१४ मध्ये तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यातही दोन प्रकार मान्य झाले. फोर्ली-रावेन्नाकडची पियादिना लहान आणि जाड, ४ ते ८ मिलिमीटरची. रिमिनीची मोठी आणि पातळ, ३ मिलिमीटरपर्यंतची, सहज घडी पडणारी. कोणती खरी, यावर दोन्हीकडचे लोक गंभीरपणे वाद घालतात. भाजण्यासाठी पूर्वी मोंतेतिफ्फी या डोंगरी गावातील मातीचे तवे वापरत. आता बहुधा लोखंडी तवे असतात. घरातील स्वयंपाकाची सूत्रे ज्या स्त्रीच्या हाती, तिला रोमान्या प्रांतात ‘आझ्दोरा’ म्हणतात आणि पियादिनाचा हात तिचाच असे समजले जाते.

पियादिनात हॅमचे काप, तिखट पानांची भाजी आणि ‘स्क्वाक्वेरोने’ हे पसरट, ओले, जरासे आंबट चीज घालतात. हेच पीठ पालेभाजी भरून करंजीसारखे मिटून भाजले की ‘कास्सोने’ होतो. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. पारंपरिक पियादिनात डुकराची चरबी असते, म्हणून ऑलिव्ह तेलाची मागावी. बहुतेक दुकानांत ती मिळते. चीज गोठवण्यासाठी प्राणिज विरजण वापरलेले असू शकते, तेही कटाक्ष असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मासे खाणाऱ्यांना मात्र येथे स्वर्ग आहे, आणि तोही गरिबांच्या ताटातला. एड्रियाटिकचे मासे लहान आणि स्वस्त. ‘सार्दोन्चिनी’ हे बोटभर लांबीचे मासे भाजून पियादिनात कांदा आणि कडवट पानांबरोबर खातात. ‘पोवेराच्चे’ म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले. नावातच गरिबी आहे. ‘ब्रोदेत्तो’ हे कालवण मूळचे कोळ्यांचे. विकले न गेलेले मासे टोमॅटो आणि व्हिनेगर घालून एकत्र शिजवत. आज तेच हॉटेलात सर्वांत महाग पदार्थांत असते. अलीकडे शिंपल्यांवर मात्र संकट आले आहे. परदेशातून आलेल्या निळ्या खेकड्याने २०२३ मध्ये उत्तरेकडील पो नदीच्या मुखप्रदेशातील शिंपल्यांची शेती उद्ध्वस्त केली. या खेकड्यालाच ताटात घ्यावे, असा उपाय सुचवला गेला. पण खाऊन संपेल इतका तो थोडा नाही.

‘स्त्रोझ्झाप्रेती’ या पिळलेल्या पास्त्याच्या नावाचा अर्थ ‘पाद्रीचा गळा आवळणारा’. रोमान्या शतकानुशतके पोपच्या राज्यात होता, १८६० पर्यंत, आणि तेथील शेतकऱ्यांचा पाद्रींवरचा राग असा स्वयंपाकघरात उतरला, असे सांगतात. पिठात अंडे नसते. पावाचा चुरा, चीज आणि अंडी यांचे ‘पास्सातेल्ली’ मांसाच्या रश्श्यात शिजतात. सोल्यानो गावात चीज ऑगस्टमध्ये जमिनीतील खड्ड्यांत पुरतात आणि २५ नोव्हेंबरच्या संत कातेरिनाच्या दिवसाच्या सुमारास बाहेर काढतात. त्याचा वास सर्वांना सोसेलच असे नाही.

मागच्या डोंगरांत जायला एक दिवस ठेवावा. सांतार्कांजेलो हे गाव कवी-पटकथाकार तोनिनो ग्वेर्रा यांचे. ‘अमारकोर्द’ त्यांनी फेलिनींबरोबर लिहिला. गावाखाली मऊ खडकात कोरलेल्या गुहा आहेत. सुळक्यावरील सान लेओच्या किल्ल्यात काल्योस्त्रो हा युरोपभर गाजलेला भोंदू १७९५ मध्ये कैदेत मरण पावला. आणि सान मारिनो हे चिमुकले स्वतंत्र प्रजासत्ताक तर रिमिनीतून बसने जाण्याजोगे आहे. एकेकाळी तेथे विजेवरची रेल्वे जात असे. १९३२ मध्ये सुरू झालेला तो मार्ग १९४४ च्या युद्धात उद्ध्वस्त झाला. त्याच्या बोगद्यांत तेव्हा निर्वासित राहत होते. तटस्थ असलेल्या या देशाने त्या वर्षी सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा दिला.

सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रिमिनीपासून थोड्याच अंतरावर, गुरखा युद्ध स्मशानभूमी आहे. गुरखा पलटणी तेव्हा ब्रिटिश-भारतीय लष्कराचा भाग होत्या. सप्टेंबर १९४४ मध्ये भारताच्या चौथ्या डिव्हिजनने सान मारिनोची लढाई लढली. त्यात नवव्या गुरखा पलटणीचे शेर बहादूर थापा यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एमिलिया मार्गावर पुढे फोर्ली येथेही भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे आणि ज्यांच्यावर धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले त्यांच्यासाठी तेथे वेगळे स्मारक आहे.

मराठी वाचकाने आणखी थोडे पुढे जावे. रिमिनीच्या वायव्येस साठ-सत्तर किलोमीटरवर सेनिओ नदी आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनची एक कंपनी तिच्या उंच बांधावर जवळजवळ कापली गेली. अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना वाहून सुरक्षित जागी आणले. मग परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ रोजी, आपेनाइन डोंगरांपलीकडे तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी हा सन्मान प्राणाचे मोल देऊन मिळवला. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव भागातले. २०२३ मध्ये उंब्रिया प्रांतातील मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

सेनिओच्या बांधावर आज छत्र्या नाहीत, पर्यटकही नसतात. दोन्ही बाजूंना शेती आहे आणि उन्हाळ्यात नदीला पाणी थोडेच असते. रिमिनीला येणाऱ्याने ऑगस्टचा मधला आठवडा टाळावा. १५ ऑगस्ट हा इटलीचा मोठा सुट्टीचा दिवस, तेव्हा जागाही मिळत नाही आणि दरही परवडत नाहीत. जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर उत्तम. पाणी तोवर उबदार असते, बान्योही उघडे असतात. बोलोन्याहून रेल्वेने सुमारे तासाभरात पोहोचता येते, आणि स्थानकावर उतरल्यावर समुद्राकडे वळण्यापूर्वी एकदा उलट्या दिशेने, पुलाकडे जावे.